विश्लेषण : चिठ्ठी डॉक्टरांची, भेट कंपनीची, बिल रुग्णाचे... औषध विपणनाला लगाम का बसत नाही?

साबण किंवा मोबाइल घेताना निवड ग्राहक करतो आणि पैसेही तोच मोजतो. औषधांचे तसे नाही. चिठ्ठीवर कोणत्या कंपनीचे नाव लिहायचे हे डॉक्टर ठरवतात, पैसे मात्र रुग्ण भरतो. त्यामुळे औषध कंपन्यांना रुग्णापेक्षा डॉक्टरांची मर्जी राखणे अधिक फायद्याचे ठरते. या व्यवहारावर नजर ठेवण्यासाठी नियम आहेत, संहिता आहे, नियामकही आहेत. तरीही भेटवस्तू, परदेशवाऱ्या आणि 'कॉन्फरन्स'च्या नावाखालील पाहुणचाराच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. असे का होते, याचा हा आढावा.

पॅरिस-मोनॅकोचे प्रकरण काय होते?

केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाच्या शिखर समितीने डिसेंबर २०२४ मध्ये 'अ‍ॅबव्ही हेल्थकेअर इंडिया' या कंपनीवर ठपका ठेवला. त्वचासौंदर्य आणि वार्धक्यरोधक उपचारांशी संबंधित परिषदांच्या निमित्ताने ३० डॉक्टरांना मोनॅको आणि पॅरिसला नेण्यात आले. त्यांच्या प्रवासावर आणि मुक्कामावर सुमारे १ कोटी ९१ लाख रुपये खर्च झाल्याचे समितीने नमूद केले. हा खर्च विपणन संहितेचे उल्लंघन असल्याचा निष्कर्ष समितीने काढला. कराच्या अंगाने तपासणी करण्यासाठी हे प्रकरण केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाकडे, तर डॉक्टरांवरील कारवाईसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे पाठवण्यात आले.

नव्या संहितेखालील ही पहिल्या मोठ्या कारवाईंपैकी एक. पण कंपनीला शिक्षा काय झाली? समज देण्यात आली. दंड झाला नाही, परवान्याला धक्का लागला नाही. कारण तशी तरतूदच संहितेत नाही.

हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे नेमके काय?

एखाद्या व्यक्तीवर दुसऱ्याच्या भल्याचा निर्णय घेण्याची जबाबदारी असते आणि त्याच निर्णयातून तिचा स्वतःचा फायदाही होऊ शकतो, तेव्हा हितसंबंधांचा संघर्ष निर्माण होतो. यासाठी लाच घेतलीच पाहिजे असे नाही. डॉक्टर प्रामाणिक असू शकतो, त्याने लिहिलेले औषधही योग्य असू शकते. पण दहा कंपन्यांच्या एकसारख्या गोळ्यांमधून तो एकाच कंपनीची गोळी का निवडतो, याचे उत्तर रुग्णाला कळत नाही. संघर्षाचे मूळ इथेच आहे.

'एका जेवणाने काय फरक पडतो?' असे अनेकदा म्हटले जाते. अमेरिकेत सुमारे २ लाख ८० हजार डॉक्टरांच्या माहितीचा अभ्यास २०१६ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कंपनीकडून मिळालेले २० डॉलरपेक्षाही कमी किमतीचे एखादे जेवण आणि त्या कंपनीचे महागडे ब्रँडेड औषध लिहून देण्याचे वाढलेले प्रमाण यांचा संबंध त्यात दिसून आला. जेवणांची संख्या वाढली तसे हे प्रमाणही वाढत गेले. जेवणामुळेच चिठ्ठी बदलली, असे अशा अभ्यासातून ठामपणे सिद्ध होत नाही. पण कंपन्या वर्षानुवर्षे हा खर्च उगाच करत नाहीत, एवढे मात्र त्यातून समजते.

भेटवस्तूंचा खर्च शेवटी कोणाच्या खिशातून?

या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी दिले. 'झिंकोव्हिट' या पूरक औषधाच्या प्रचारासाठी 'अपेक्स लॅबोरेटरीज' कंपनीने डॉक्टरांना सोन्याची नाणी, टीव्ही, फ्रिज, लॅपटॉप आदी भेटी दिल्या होत्या. त्यावरील सुमारे ४ कोटी ७२ लाखांचा खर्च 'व्यवसायाचा खर्च' म्हणून करातून वजा करून मिळावा, अशी कंपनीची मागणी होती. भेट घेण्यास बंदी डॉक्टरांना आहे, देण्यास कंपनीला नाही, असा तिचा युक्तिवाद होता.

न्या. उदय लळित आणि न्या. रवींद्र भट यांच्या खंडपीठाने तो फेटाळला. घेणाऱ्यासाठी जे निषिद्ध आहे ते देणाऱ्यासाठी वैध ठरू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. या भेटी प्रत्यक्षात फुकट नसतात, त्यांची किंमत औषधाच्या दरात मिसळलेली असते आणि ती रुग्णाकडूनच वसूल होते, हेही निकालात नोंदवले गेले. भारतात आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करतात, असे २०२१-२२ चे राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. त्या पार्श्वभूमीवर हे निरीक्षण महत्त्वाचे ठरते.

'डोलो'च्या हजार कोटींचे पुढे काय झाले?

करोनाकाळात घराघरांत पोहोचलेल्या 'डोलो-६५०' या गोळीच्या निर्मात्या 'मायक्रो लॅब्ज' कंपनीवर जुलै २०२२ मध्ये प्राप्तिकर विभागाने छापे घातले. त्यानंतर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने कंपनीचे नाव न घेता काढलेल्या निवेदनात डॉक्टरांना दिलेल्या मोफत भेटींचा अंदाजित आकडा सुमारे १ हजार कोटी रुपये असल्याचे म्हटले. हा आकडा एका गोळीचा नाही आणि एका वर्षाचाही नाही, असा खुलासा कंपनीने केला. औषध उत्पादकांच्या संघटनेने केलेल्या पडताळणीतही एका गोळीवर एका वर्षात हजार कोटी खर्च झाल्याचा आरोप टिकला नाही.

आकडा बाजूला ठेवला तरी यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. कंपनीच्या वर्तनाची पडताळणी उद्योगाच्याच संघटनेने केली. निष्कर्ष शंभर टक्के बरोबर असला तरी सामान्य माणसाच्या मनातली शंका अशा पडताळणीने दूर होत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात निघाला तेव्हा करोना झाला असताना आपल्यालाही हीच गोळी घ्यायला सांगितले होते, असे न्या. धनंजय चंद्रचूड म्हणाले होते. ही याचिका वैद्यकीय प्रतिनिधींच्या, म्हणजे 'एमआर' मंडळींच्या देशव्यापी संघटनेने केली होती. डॉक्टरांच्या दारात रोज जाणारे हे कर्मचारीच विपणन संहितेला कायद्याचे बळ द्या म्हणून न्यायालयात गेले, हे विशेष.

नवी संहिता काय सांगते?

औषध विपणनासाठीची एकसमान संहिता जानेवारी २०१५ पासून लागू झाली, ती ऐच्छिक होती. १२ मार्च २०२४ रोजी तिची सुधारित आवृत्ती आली. कागदावर ती बरीच कडक आहे.

- डॉक्टरांना किंवा त्यांच्या कुटुंबीयांना वैयक्तिक वापराच्या भेटवस्तू, रोख रक्कम वा अनुदान देता येणार नाही.
- परिषदेत वक्ता असल्याखेरीज डॉक्टरांच्या प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च कंपनीने करायचा नाही. परदेशात असे कार्यक्रम घ्यायचे नाहीत.
- पुस्तक, डायरी, कॅलेंडर अशा माहितीपर वस्तू १ हजार रुपयांपर्यंतच्याच असाव्यात.
- मोफत नमुन्यांच्या एका पाकिटात जास्तीत जास्त ३ रुग्णांच्या उपचारापुरतेच औषध असावे. एका डॉक्टरला एका औषधाची अशी पाकिटे वर्षाला १२ पेक्षा जास्त देऊ नयेत. सर्व नमुन्यांचे मूल्य कंपनीच्या देशांतर्गत विक्रीच्या २ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे.
- एक वर्षाहून अधिक काळ बाजारात असलेल्या औषधाला 'नवे' म्हणायचे नाही. पुरेसा खुलासा न करता 'सुरक्षित' हा शब्द वापरायचा नाही.

मग लगाम का बसत नाही?

पहिले कारण म्हणजे तक्रारीचा मार्ग. कंपनीने संहिता मोडली, तर तक्रार ती कंपनी ज्या उद्योग संघटनेची सदस्य आहे तिच्याच आचार समितीकडे करायची. तीन ते पाच सदस्यांच्या या समितीचे प्रमुख त्या संघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असतात. संघटना सदस्यांच्या वर्गणीवर चालते. म्हणजे आरोपी, न्यायाधीश आणि न्यायालयाचा खर्च उचलणारा, तिघेही एकाच घरातले. तक्रारदाराला १ हजार रुपये शुल्क भरावे लागते आणि ते परत मिळत नाही.

दुसरे कारण शिक्षेचे. दोषी कंपनीला संघटनेतून निलंबित करणे किंवा काढून टाकणे, समज देऊन ती प्रसिद्ध करणे, खुलासा छापायला लावणे, दिलेले पैसे परत घ्यायला सांगणे, इतक्यावरच संहिता थांबते. फौजदारी कारवाई नाही. परवाना रद्द करण्याचा अधिकारही समितीला नाही.

तिसरे कारण फारसे चर्चेत येत नाही. आचार समितीच्या निर्णयाविरुद्ध अपील औषधनिर्माण विभागाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील शिखर समितीकडे जाते. हा विभाग आरोग्य मंत्रालयाचा नाही. २००८ मध्ये स्थापन झालेला हा विभाग रसायने आणि खते मंत्रालयात आहे आणि औषध उद्योगाची वाढ हे त्याचे मुख्य काम आहे. ज्या विभागाने उद्योगाला हात द्यायचा, त्यानेच त्याचा कानही पिळायचा, अशी ही रचना आहे.

डॉक्टरांवर बंधने नाहीत का?

आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमावलीत डिसेंबर २००९ मध्ये दुरुस्ती करून कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च आणि पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना मनाई करण्यात आली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये अधिक कडक नियमावली काढली. जेनेरिक नावाने औषध लिहिणे तिने बंधनकारक केले होते. डॉक्टरांच्या संघटनांनी आणि औषध कंपन्यांनीही तिला विरोध केला. महिना उलटण्याआधीच, २३ ऑगस्टला ती स्थगित झाली आणि जुनी नियमावली पुन्हा लागू झाली.

कारवाईचा अधिकार राज्यांच्या वैद्यक परिषदांकडे आहे. आपल्याकडे तो महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आहे. पण कोणत्या कंपनीने कोणत्या डॉक्टरवर किती खर्च केला याची नोंद रुग्णाला दिसतच नसेल, तर तो तक्रार कशाच्या आधारावर करणार? डॉक्टर आणि रुग्णालयांमधील 'कट प्रॅक्टिस' रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ मध्ये कायद्याचा मसुदा तयार झाला होता. त्यावर चर्चा झाली, पण त्याचा कायदा झाला नाही.

नियामक तरी तटस्थ आहेत का?

औषध बाजारात येण्याआधी ते सुरक्षित आणि परिणामकारक आहे का, हे केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने पाहायचे असते. या संघटनेच्या कारभारावर संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने मे २०१२ मध्ये ५९ वा अहवाल मांडला. औषध उद्योगाच्या आकांक्षा आणि गरजा पूर्ण करणे हे आपले ध्येय असल्याचे या संघटनेने लिहून ठेवले होते, त्यावरच समितीने बोट ठेवले. औषध नियामकाने प्राधान्य रुग्णाला द्यायचे असते, उद्योगाला नव्हे, असे तिचे म्हणणे होते.

जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात ३३ नवी औषधे भारतीय रुग्णांवर चाचणी न घेताच मंजूर झाल्याचे समितीला आढळले. तपासणीसाठी मागितलेल्या ४२ औषधांपैकी ३ औषधांच्या फाइलच सापडल्या नाहीत. त्याहून गंभीर बाब तज्ज्ञांच्या शिफारसपत्रांची होती. वेगवेगळ्या शहरांतल्या डॉक्टरांनी दिलेली काही पत्रे शब्दशः सारखी होती. ती कोणी तरी एकानेच लिहून दिली असावीत, अशी शंका समितीने व्यक्त केली. काही अधिकारी, काही तज्ज्ञ आणि कंपन्या यांच्यात संगनमत असल्याचा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा आहे, असेही अहवालात म्हटले होते.

महाराष्ट्राने याची किंमत त्याही आधी मोजली आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ मध्ये विषारी डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा मृत्यू झाला. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने केवळ पुरवठादारांना दोष दिला नाही. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा कारभार आणि त्यातला राजकीय हस्तक्षेप यांवरही आयोगाने कठोर ताशेरे ओढले.

राज्यांच्या परवान्यांचा प्रश्न नंतरही सुटला नाही. दोन-तीन औषधे एकत्र करून बनवलेली अनेक मिश्रणे केंद्राच्या तपासणीशिवाय राज्यांच्या परवान्यावर बाजारात आली. केंद्राला २०१६ मध्ये ३४४, तर ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणांवर बंदी घालावी लागली. तोवर ती वर्षानुवर्षे चिठ्ठीवर लिहिली जात होती.

अमेरिकेत काय वेगळे आहे?

तिथेही सारे आलबेल नाही. 'ऑक्सिकॉन्टिन' या वेदनाशामकाला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. मंद गतीने शोषले जाणारे हे औषध असल्याने त्याच्या गैरवापराची शक्यता कमी असल्याचे मानले जाते, असा मजकूर त्याच्या माहितीपत्रकात होता. मान्यतेची प्रक्रिया हाताळणारे अमेरिकी औषध प्रशासनातील अधिकारी कर्टिस राइट काही काळाने 'पर्ड्यू फार्मा' या त्याच कंपनीत नोकरीला लागले. कंपनीने फसव्या प्रचाराबद्दल २००७ मध्ये गुन्हा कबूल केला आणि ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजली. तोवर व्यसनाची साथ देशभर पसरली होती. शिवाय १९९२ च्या कायद्यानुसार तिथला नियामक कंपन्यांकडूनच शुल्क घेतो आणि आज त्याच्या एकूण खर्चाचा जवळपास निम्मा भाग अशा शुल्कातून येतो. त्याच्या तटस्थतेवर शंका घेतली जाते ती त्यामुळेच.

पण तिथे एक गोष्ट आहे, जी भारतात नाही. २०१० च्या कायद्यामुळे कंपन्यांना डॉक्टरांवर केलेला खर्च जाहीर करावा लागतो. २०१४ पासून ही माहिती संकेतस्थळावर आहे. रुग्ण आपल्या डॉक्टरचे नाव टाकून पाहू शकतो. जेवणाचा अभ्यासही याच माहितीमुळे शक्य झाला. भारतातील संहिता कंपन्यांना खर्चाचा तपशील द्यायला सांगते, पण डॉक्टरनिहाय यादी जनतेसमोर येत नाही.

जेनेरिक औषधे हा उपाय नाही का?

चिठ्ठीवर कंपनीचे नाव न लिहिता औषधाचे मूळ नाव लिहिले, तर डॉक्टरांना खूश करण्याचे कंपन्यांचे कारणच संपेल, हा तर्क सोपा आहे. मे २०२५ मध्ये सुनावणीदरम्यान सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी स्वरूपात असेच मत व्यक्त केले. मग डॉक्टरांचा विरोध का? जेनेरिक औषधाचा दर्जा प्रत्येक वेळी सारखाच असेल याची हमी कोण देणार, असे ते विचारतात. मूळ नाव लिहिले तर कंपनी निवडण्याचा अधिकार डॉक्टरकडून औषध दुकानदाराकडे जाईल आणि तो जास्त नफ्याची गोळी देईल, असाही त्यांचा आक्षेप आहे. नव्या औषधांची माहिती देणारी सरकारी यंत्रणा तोकडी असल्याने 'एमआर'वर आणि कंपन्यांच्या मदतीने होणाऱ्या परिषदांवर अवलंबून राहावे लागते, हेही ते सांगतात. यात तथ्य आहे.

पण नेमका पेच इथेच आहे. नियामकावर विश्वास नाही म्हणून ब्रँडवर विश्वास ठेवला जातो. ब्रँड टिकवण्यासाठी कंपनी डॉक्टरवर खर्च करते. तो खर्च औषधाच्या किमतीत जातो. आणि हा पैसा ज्यांच्याकडे आहे, त्यांचे धोरणकर्त्यांकडे वजनही असते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निवडणूक रोख्यांच्या यादीत अनेक औषध कंपन्यांची नावे होती. त्या देणग्यांमुळे एखादा निर्णय बदलला असे म्हणता येत नाही. पण ज्यांनी नियम कडक करायचे आणि ज्यांच्यासाठी करायचे, त्यांच्यात पैशांचे नाते आहे, हे त्या यादीने दाखवले. त्यामुळे केवळ डॉक्टरांना दोष देऊन किंवा केवळ जेनेरिकची सक्ती करून प्रश्न सुटणार नाही. प्रत्येक गोळीच्या दर्जाची खात्री देणारा स्वतंत्र नियामक उभा राहिला, तरच ब्रँडची गरज कमी होईल.

रुग्ण काय करू शकतो?

चिठ्ठी हातात आल्यावर औषधाचे मूळ नाव विचारून घ्यावे. 'याच घटकाचे स्वस्त औषध चालेल का?' हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच नको. मात्र त्यांना न विचारता औषध बदलू नये किंवा बंद करू नये. देशात १५ हजारांहून अधिक जनऔषधी केंद्रे आहेत, तिथे किंमत तपासून पाहता येते. औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंद करता येते. डॉक्टरांविषयीची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, तर औषधाच्या दर्जाविषयीची अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.

अर्थात हे झाले व्यक्तिगत पातळीवरचे उपाय. संहितेला कायद्याचे बळ, तक्रारींसाठी उद्योगाबाहेरची यंत्रणा आणि डॉक्टरनिहाय खर्चाची जाहीर यादी, या तीन मागण्या रुग्ण हक्क कार्यकर्ते आणि 'एमआर' संघटना सातत्याने मांडत आहेत. यातल्या तिसऱ्या मागणीसाठी नवा नियामक लागत नाही, नवी प्रयोगशाळाही लागत नाही. कंपन्यांच्या हिशेबवहीत ही माहिती आहेच, ती रुग्णाला दाखवायची की नाही एवढाच निर्णय सरकारला घ्यायचा आहे.